सहा अक्षरे, शेवटी आर



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून पुष्कळ मंडळी बुचकळ्यात पडली असतील. मघाशी फाटकाशी एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला विचारलेही, "हे जंतरमंतर आहे की काय?" खरे म्हणजे चालकांनी आम्हांला कामगार चळवळीवर बोलण्यासाठी बोलावले होते. आम्ही त्यांना म्हणालो, त्या विषयावर आम्ही बाराही महिने कारखान्यांच्या गेटवर बोलतो, आणि तेथे ऐकणाराचा एक पाय बसच्या पायरीवर असतो. येथे खुर्च्या आहेत, पंखे आहेत, लोक आपण होऊन आलेले आहेत. तेव्हा एक दिवस आम्हांला इंग्रजी शब्दांविषयी बोलू द्या. चालक भले गृहस्थ, त्यांनी ते मानले. भाषण फसले तर दोष त्यांचा नाही.

विषय सरळ आहे. ज्या इंग्रजी शब्दांत बरोबर सहा अक्षरे आहेत आणि ज्यांचे शेवटचे अक्षर आर आहे, असे शब्द. वर्कर, मास्टर, फादर, डेंजर ही त्यांतली काही ठळक मंडळी. आता कोणी म्हणेल, वर्कर या शब्दात तर तीनच अक्षरे. बरोबर आहे. व, र्क आणि र अशी आपली तीन. परंतु इंग्रजी लिपीत डब्ल्यू, ओ, आर, के, ई आणि आर अशी सहा होतात. शब्दाची लांबी ही लिपीवर ठरते, तोंडावर नव्हे. एवढे एक ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे समजण्यास अडचण नाही.

आम्ही इंग्रजीचे पंडित नाही. आमची शाळा सातवीत सुटली. त्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून शिकवीत. म्हणजे आमच्या वाट्याला तीन वर्षांचे इंग्रजी आले, आणि त्यातले शेवटचे दीड वर्ष गिरण्यांच्या संपात गेले. १९८२ च्या जानेवारीत, १८ तारखेला, मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले. त्यांत आमचे वडील होते. घरात वही-पेन्सिल आणायची की रॉकेल, असा प्रश्न जेथे रोज पडतो तेथे इंग्रजीच्या व्याकरणाचे काय होणार? पुढे आम्ही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोऱ्या म्हणून लागलो, आणि आमचे खरे इंग्रजी तेथे सुरू झाले.

त्या कारखान्याचे टाइमकीपर मूळचे गोव्याचे. सारा कारखाना त्यांना अंकल म्हणे. सकाळच्या पाळीची हजेरी झाली, मस्टर मिटले, की त्यांच्या टेबलावर इंग्रजी वर्तमानपत्राचे शब्दकोडे उघडे. हा शब्दकोड्याचा नाद जगाला लावला न्यूयॉर्कच्या एका पत्राने, १९१३ च्या डिसेंबरात. आर्थर विन नावाच्या गृहस्थाने पहिले कोडे रचले. आम्हांला अर्थातच त्याचा पत्ता नव्हता. आम्ही चहा घेऊन गेलो की अंकल मान वर न करता विचारीत, "काय रे, सहा अक्षरं, शेवटी आर. बोल लवकर, भोंगा व्हायच्या आत." आम्हांला त्यांच्या त्या सूचना वाचता येत नसत. परंतु घरे मोजता येत होती, आणि शेवटच्या घरात उभ्या शब्दातून उतरलेला आर दिसत होता. आम्ही म्हटले, "डेंजर." कारण स्विचच्या पेटीवर कवटीच्या खाली लाल अक्षरांत तो शब्द होता आणि त्याची अक्षरे आम्ही येता-जाता मोजलेली होती. तो शब्द तेथे बसला नाही. पण अंकल खूश झाले. त्या दिवसापासून ठरले की, चहाबरोबर रोज एक शब्द आणावयाचा. लांबी आणि शेवट ते सांगतील.

कोशाची मोठी पंचाईत अशी की, तो शब्दाच्या डोक्याकडून लावलेला असतो आणि आम्हांला शब्द शेपटीकडून हवा. फाउंटनच्या पदपथावरून आम्ही पुठ्ठा निघालेला एक जुना कोश घेतला आणि एका लांब वहीत स्वतःची यादी करण्यास लागलो. एकेका पानावर वर आकडा, खाली शेवटचे अक्षर: चार आणि डी, पाच आणि वाय, सहा आणि आर. अलीकडे, २०२२ पासून, आमच्या युनियनच्या कचेरीतली पोरे मोबाइलवर पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ खेळतात. जॉश वॉर्डल नावाच्या तरुणाने तो काढला आणि न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. शब्द ओळखण्यास सहा प्रयत्नांची मुभा असते. पोरे कुजबुजतात, "शेवटी वाय आहे रे." आम्ही ऐकून मनात म्हणतो, बाळांनो, हे दुकान आम्ही चाळीस वर्षांपूर्वी उघडले होते. त्या वेळी बॅटरी लागत नसे, इतकाच फरक.

असो. वहीतली पुष्कळशी पाने अर्धीच राहिली, परंतु सहा आणि आरचे पान भरून वाहू लागले. त्याला पुरवण्या जोडाव्या लागल्या. हे का होते, ते आम्हांला कोशाने सांगण्यापूर्वी आमच्या वडिलांनी सांगितले. वडील सांचेखात्यातले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हते, पण तीस वर्षे कानांवर इंग्रजीच पडलेले. संपानंतर त्यांना गिरणीने परत घेतले नाही. एका रात्री ते पडल्या पडल्या म्हणाले, "तुझ्या त्या वहीत आमचं कोणी आहे का?" आम्ही म्हटले, सांगा नावे. मग त्यांनी कापसापासून कापडापर्यंत अख्खी गिरणी क्रमाने चालवून दाखवली. कापूस पिंजून त्याचा पेळू करणारा तो कार्डर. भरलेल्या बॉबिन उतरवून रिकाम्या चढवणारा तो डॉफर. तुटलेला धागा जोडणारा पीसर. सूत गुंडाळणारी वाइंडर, लडी करणारी रीलर, ताणा लावणारा वॉर्पर, विणणारा वीव्हर, कापडाच्या घड्या घालणारा फोल्डर, आणि या सगळ्यांच्या मानेवर बसलेला जॉबर. ते बोलत गेले आणि आम्ही लिहून अक्षरे मोजत गेलो. प्रत्येकाला सहा, प्रत्येकाच्या शेवटी आर.

दोघे मात्र बसेनात. सायझर पाच अक्षरी. वडिलांना ते मुळीच पटले नाही. "सायझरचा पगार आमच्यापेक्षा जास्त, त्याला एक अक्षर कमी कसं?" आणि स्पिनरला एक अक्षर जास्त. रिंगखात्यातला माणूस मुंबईत साइडर म्हणून ओळखला जाई, तोही पाच अक्षरीच. शेवटी आम्ही वीव्हर हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कंदिलापाशी धरला, एकेका अक्षरावर बोट ठेवून सहापर्यंत मोजले, आणि कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. आपल्या कामाचे नाव लिहिलेले त्यांनी तोपर्यंत पाहिले नव्हते. मस्टरवर ते नाव रोज होते. पण मस्टर कामगाराला कोण दाखवतो?

आता यामागचे व्याकरण. इंग्रजीत क्रियापदाला ई-आर लावले की ती क्रिया करणारा तयार होतो. हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत 'एरे' असा होता, आणि विद्वान त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'आरिउस' या प्रत्ययाकडे नेतात. इंग्रजीची मूळची, रोजच्या वापरातली क्रियापदे आखूड. वर्क, वीव्ह, वाइंड, हेल्प, वेल्ड ही अशी चार-पाच अक्षरांची. त्यांना शेपूट जोडले की बेरीज सहाच्या आसपास येते. म्हणून हातांनी काम करणारांची नावे या पानावर दाटीवाटीने बसतात. फिटर, टर्नर, वेल्डर, हेल्पर, ड्रायव्हर, हमालाला पोर्टर, फेरीवाल्याला हॉकर, शेतकऱ्याला फार्मर. याच्या उलट अधिकार वाढला की नाव लांबते. मॅनेजर सात, ऑफिसर सात, एम्प्लॉयर आठ, कॉन्ट्रॅक्टर दहा. हा काही नियम नव्हे. झाडूवाला स्वीपर सात अक्षरी आहे आणि सुतार कार्पेंटर नऊ. बँकर, ब्रोकर, लॉयर आणि लीडर ही बडी मंडळीही सहाच अक्षरांवर आहेत. लीडर आमच्याच पानावर निघाला, याचे आमच्या सहकाऱ्यांना फार हसू येते.

मराठीतही करणारा माणूस र वरच येऊन थांबतो, याची गंमत वाटते. कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार. विणकर तर आहेच. परंतु हा र आणि तो आर भाऊभाऊ नव्हेत. दिसण्यात सारखे, एवढेच. खरे नाते निराळ्या ठिकाणी आहे. डॉक्टर या शब्दातला लॅटिन 'टोर' आणि आपल्या कर्तृ, दातृ, नेतृ यांतला 'तृ' हे एकाच घरातून निघालेले. आणि कामगार शब्दातला 'गार' फारसीकडून आलेला; गुन्हेगारात आहे तोच हा. काही मालकांना या दोन शब्दांतला फरक अजून कळत नाही, तो दोष फारसीचा नव्हे.

पुढे कोश चाळता चाळता आमच्या ध्यानात आले की, या पानावर सगळेच करणारे नाहीत. शेवट सारखा, लांबी सारखी, पण आत निराळेच काही. मदर, फादर आणि सिस्टर या पानावर आहेत. त्यांचा आर हा प्रत्यय लावलेला नाही, तो मातृ, पितृ, स्वसृ यांतल्या ऋचा सख्खा नातेवाईक आहे. ब्रदर मात्र सात अक्षरी, तेव्हा ज्याच्या नावाने आम्ही सभेत हाक मारतो तोच पानाबाहेर राहिला. कोळी म्हणजे स्पायडर. त्याची अक्षरे सहा, आणि त्याच्या पोटात 'स्पिन' म्हणजे कातणे हेच क्रियापद दडलेले आहे. स्पिनरला एक अक्षर जास्त म्हणून आम्ही बाहेर काढले, तर तो आठ पायांनी परत आत आला. हंगर म्हणजे भूक, हाही येथेच. आणि बेगर म्हणजे भिकारी. त्याच्या शेवटी ई-आर नसून ए-आर आहे. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

आन्सर हा शब्द तर आम्ही कामगारांना मुद्दाम सांगतो. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'अँडस्वारु'. 'अँड' म्हणजे विरुद्ध, आणि पुढचा भाग शपथ घेण्याचा. आरोपाविरुद्ध शपथेवर केलेले निवेदन, असा त्याचा मूळ भाव. चार्जशीटला उत्तर देताना पोरे घाबरून माफीपत्र लिहून देतात. आम्ही म्हणतो, आन्सर मागितला आहे ना? मग आन्सरच द्या. मस्टर हा शब्द लॅटिन 'मोन्स्त्रारे' पासून, म्हणजे दाखवणे; माणसे उभी करून दाखवावयाची, ती मोजावयाची. आणि आमचा पहिला शब्द डेंजर. आम्ही कवटीखाली तो वाचला तेव्हा विजेचा धक्का एवढाच अर्थ आम्हांला ठाऊक होता. कोशाने सांगितले की, तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'दोमिनुस' म्हणजे धनी, मालक हा शब्द आहे. आरंभी डेंजर म्हणजे धन्याची सत्ता. त्याच्या डेंजरमध्ये असणे म्हणजे त्याच्या ताब्यात असणे, त्याने मनात आणले तर तो अपाय करू शकेल अशा जागी असणे. पुढे त्यातला धनी गळाला आणि अपाय तेवढा उरला. हे वाचले त्या रात्री आम्हांला बराच वेळ झोप आली नाही.

लेबर या शब्दाची कथा निराळी. एल, ए, बी, ओ, यू, आर अशी त्याची सहा अक्षरे. अमेरिकेत नोआ वेब्स्टर या कोशकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यातला यू काढून टाकला, आणि अमेरिकेतला लेबर पाच अक्षरी झाला. तेव्हा १८८६ साली तेथे निघालेला कामगारांचा महासंघ यू शिवाय लिहिला जातो, आणि १९१९ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यू सकट. या वेब्स्टरसाहेबांचे आडनावही आमच्याच जातीचे. वेब्स्टर म्हणजे विणणारा, विशेषतः विणणारी. 'स्टर' हा जुना स्त्रियांकडचा प्रत्यय. सूत कातणारी ती स्पिन्स्टर. पुढे त्या शब्दाचा अर्थ अविवाहित प्रौढ स्त्री एवढाच राहिला, कातणे विसरले गेले. आमच्या पानावरच्या वाइंडर आणि रीलर या मुंबईत बहुतेक बायकाच होत्या. ई-आर मध्ये ते दिसत नाही. गिरणगावच्या बोलीने मात्र त्यांच्यावरच्या मुकादमिणीला नायकीण म्हणून त्या बायकांना दृष्टीआड होऊ दिले नाही. आणि डॉफर ही बहुधा पोरे. आपल्याकडचा १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा पाहा: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये! हा सुधारणेचा कायदा होता. तेव्हा त्यापूर्वी काय असेल ते ताडावे.

आता मास्टर. हा दिसतो ई-आरचा, पण करणारा नव्हे. लॅटिन 'माजिस्तेर', म्हणजे वरचा. इंग्लंडात मालक आणि मजूर यांच्या नात्याला कायद्याने मास्टर आणि सर्व्हंट असेच नाव होते. १८२३ च्या कायद्याप्रमाणे मजुराने करार मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मास्टरने मोडला तर दिवाणी दावा. एकाच कराराच्या दोन टोकांना दोन न्याय. तिकडच्या युनियनांनी वर्षानुवर्षे झगडून १८७५ साली तो कायदा घालवला, आणि नव्या कायद्याच्या नावात मास्टरच्या जागी एम्प्लॉयर आणि सर्व्हंटच्या जागी वर्कमन आला. आपल्याकडे १८५९ चा तेरावा कायदा याच जातीचा होता. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटने कामावर जाण्याचा हुकूम करावा आणि न ऐकल्यास तुरुंगात धाडावे, असा. इंग्लंडाने आपला टाकला त्यानंतर पन्नास वर्षे तो येथे चालू राहिला. १९२५ साली रद्द झाला. शब्द मात्र कायद्याचे ऐकत नाहीत. आमच्या वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत वीव्हिंग मास्टर, स्पिनिंग मास्टर हीच नावे होती, आणि ती उच्चारताना ते नकळत ताठ बसत.

इतके दिवस आम्ही आमच्या इंग्रजीचे कौतुक सांगितले. आता त्याच इंग्रजीने केलेला घात सांगावयाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांला बरे वाटणार नाही.

कँटीनमधून आम्ही हेल्पर झालो, नंतर फिटर. १९९४ चा सुमार. तोपर्यंत आमच्या खात्यात इंग्रजी कागद वाचणारा म्हणून आमचा बोलबाला झाला होता. एका शनिवारी अकरा जुन्या कामगारांना एकेक लिफाफा मिळाला. त्यांत आम्हांला हाताला धरून फाइल चालवायला शिकवणारे एक वडीलधारे फिटर होते. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. त्यांनी लिफाफा आमच्या हातात दिला. आम्ही ऐटीत उघडला. इंग्रजी तीन परिच्छेदांचे. त्यातले निम्मे आम्हांला कळले नाही, हे आम्ही कोणाला सांगितले नाही. मधोमध एक शब्द ठळक टाइपात होता. आम्ही सवयीप्रमाणे मोजले. दहा अक्षरे, शेवटी आर. सुपरवायझर. आम्ही म्हटले, "दादा, बढती आहे. सुपरवायझर केलंय तुम्हांला." पगारात थोडी वाढही होती. अकरा जणांनी सह्या केल्या, खात्यात पेढे वाटले. पहिला पेढा दादांनी आमच्या तोंडात घातला.

सोमवारपासून काम तेच. तीच फाइल, तोच व्हाइस, तेच तेल. हाताखाली एकही माणूस नाही. दोन वर्षांनी कारखान्याने माणसे कमी करावयास घेतली, आणि पहिल्या यादीत हे अकरा. युनियन मध्ये पडली तेव्हा व्यवस्थापनाने तो कागद पुढे केला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्कमन कोण याची व्याख्या होती. जो देखरेखीचे काम करतो आणि ज्याचा पगार ठराविक रकमेपेक्षा अधिक, तो वर्कमन नव्हे. ती रक्कम त्या वेळी महिना १,६०० रुपये होती, आणि या सर्वांचा पगार त्याहून अधिक. जो वर्कमन नव्हे त्याच्यासाठी कामगार न्यायालयाचे दार बंद. त्या दहा अक्षरांचा हा उपयोग होता.

कायद्याची दुसरी बाजू आम्ही पुढे शिकलो. हुद्द्याचे नाव काय याला महत्त्व नाही, माणूस मुख्यतः कोणते काम करतो हे पाहावयाचे, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेले आहे. पण ते सिद्ध करण्यास साक्षी लागतात, तारखा लागतात, आणि तारखांच्या मधल्या काळात घर चालवावे लागते. आमच्या प्रकरणाला आठ वर्षे लागली. निकाल कामगारांच्या बाजूने झाला. तोपर्यंत अकरांपैकी चौघेच उरले होते. बाकीच्यांनी मिळेल तो हिशेब घेतला होता. दादाही हिशेब घेऊन कोकणात गेले. निकालाची प्रत घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात बसले होते. आम्ही म्हटले, "दादा, त्या दिवशी मी चुकीचं वाचलं." ते म्हणाले, "नाही रे. तू बरोबर वाचलंस. तसंच लिहिलं होतं." आणि त्यांनी आत वळून चहा सांगितला.

त्यानंतर आम्ही सहकाऱ्यांसमोर कागद वाचावयाचे सोडले असते तर नवल नव्हते. परंतु वाचणारा दुसरा कोणी नव्हता. तेव्हा एवढेच केले की, प्रत्येक कागद एका वकिलांना आणि एका निवृत्त कारकुनाला दाखवल्याखेरीज त्याचा अर्थ सांगावयाचा नाही, आणि सही करणाऱ्याला प्रथम विचारावयाचे, "उद्या सकाळी तुझ्या हातात काय असणार आहे?" पाना असेल तर कागदावर काहीही लिहिलेले असो. त्याचा रोजचा कामाचा तपशील तारीखवार लिहून ठेवण्यास आम्ही तेव्हापासून सांगू लागलो. अशा वह्या आमच्या कचेरीत आज दोन कपाटे भरून आहेत.

अलीकडे कायद्याने आपला शब्दही बदलला आहे. १९४७ च्या कायद्यात वर्कमन होता: सात अक्षरे, शेवटी एन. २०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता मंजूर केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. तिच्यात वर्कर आला आहे. आमच्या वहीच्या दृष्टीने पाहिले तर कायदा शेवटी आमच्या पानावर आला म्हणावयाचे. शब्दातला पुरुष गेला, हेही ठीक झाले. वाइंडर बायकांना वर्कमन म्हणणे आम्हांला नेहमीच विचित्र वाटे. देखरेखीच्या पगाराची मर्यादाही १८,००० रुपयांवर गेली. परंतु याच संहितेत, जेथे तीनशेपेक्षा कमी कामगार आहेत असे कारखाने सरकारच्या परवानगीवाचून माणसे कमी करू शकतात. पूर्वी हा आकडा शंभर होता. तेव्हा पानावर आले म्हणून आम्ही पेढे वाटलेले नाहीत.

आता शेवटची गोष्ट, आणि मग थांबतो. मोटारसायकलवर पाठीला चौकोनी पिशवी बांधून घरोघरी जेवण पोचवणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. रात्री दहाच्या पुढे ती आमच्या कचेरीत येतात. गेल्या पावसाळ्यात त्यांतला एक मुलगा घसरून पडला. मांडीचे हाड मोडले, तीन महिने घरी. भरपाई कोणाकडे मागावयाची, हे विचारण्यास त्याची आई त्याला घेऊन आली. त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर कंपनीने त्याला दिलेले नाव होते: पार्टनर. आम्ही मोजले. सात अक्षरे, शेवटी आर.

इंग्लंडात टॅक्सी चालवणाऱ्यांचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. उबर कंपनीचे म्हणणे, हे स्वतंत्र धंदा करणारे आहेत. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, करारात काही लिहिलेले असले तरी प्रत्यक्ष व्यवहार पाहता हे ड्रायव्हर वर्कर ठरतात. सहा अक्षरी सहा अक्षरीच ठरला. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने या मुलांना गिग वर्कर असे नाव दिले आहे. मात्र व्याख्येतच म्हटले आहे की, मालक आणि नोकर या परंपरागत नात्याच्या बाहेर राहून कमावणारा. म्हणजे वर्कर हा शब्द दिला, आणि ज्याच्याशी भांडावयाचे तो समोरचा माणूस काढून घेतला.

आम्ही जुना कोश काढला. पार्टनर हा शब्द मूळचा पार्सनर. वडिलोपार्जित मालमत्तेत ज्याचा हिस्सा आहे तो. आपल्या हिंदू कायद्यातला कोपार्सनर तो हाच. आम्ही त्या बाईंना समजावून सांगितले की, इंग्रजीत यांनी तुमच्या मुलाला वाटेकरी म्हटले आहे. त्यांनी विचारले, "मग वाटा कुठाय?"

मुलाने त्या दिवशीच्या फेऱ्या, वेळा आणि मिळालेले पैसे यांचे मोबाइलवरचे सगळे पडदे छापून आणले आहेत. एकशे चौदा पाने झाली. येत्या बुधवारी ती घेऊन वकिलांकडे जावयाचे आहे.